पेरू देशातला माका: काउंटरवर हळू आवाजात विचारले जाणारे प्रश्न

रात्री साडेआठनंतर दुकानातली गर्दी ओसरली की एखादं गिऱ्हाईक काउंटरच्या कडेला रेंगाळतं. आधी डोकेदुखीची गोळी घेतं, मग उगाच बामची बाटली न्याहाळतं आणि शेवटचा माणूस पायऱ्या उतरला की मोबाइल पुढे सरकवतं. स्क्रीनवर लैंगिक ताकदीसाठी विकल्या जाणाऱ्या माक्याचा काळा डबा, डब्यावर उधळलेला घोडा. "हे येतं का हो तुमच्याकडे? खरंच काही होतं का?"

मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. पण हेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीशी वाटली. ज्यांना तोंडावर विचारायला संकोच वाटतो, त्यांनी इथे निवांत वाचावं.

माका म्हणजे केसांच्या तेलातला माकाच ना?

नाही. निम्मा घोळ इथेच होतो. आपल्याकडे ओढ्याकाठी, पाटाच्या कडेला उगवणारा, बारीक पांढऱ्या फुलांचा माका म्हणजे भृंगराज. त्याच्या रसात आजी खोबरेल उकळायची. त्याचा या माक्याशी काडीचाही संबंध नाही, मक्याशीही नाही. मालवणी माणसाला तर 'माका' म्हटलं की 'मला' ऐकू येतं. बरं, 'पेरूचा माका' म्हणावं तर लोकांना फळ आठवतं. एका गृहस्थांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "म्हणजे पेरूच्या झाडाचं मूळ उगाळायचं का?" पेरू हा दक्षिण अमेरिकेतला देश, आणि माका हे तिथल्या डोंगरातलं कंदाचं पीक. यापुढे माका म्हटलं की तोच समजा.

मग ही नक्की वनस्पती कोणती?

शास्त्रीय नाव लेपिडियम मेयेनी. मोहरी, मुळा, कोबी, नवलकोल यांच्या कुळातली. पण तिची सगळ्यात जवळची नातेवाईक आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे: अळीव. बाळंतिणीच्या लाडवातला अळीव म्हणजे लेपिडियम सटायव्हम. दोघांचं आडनाव एकच. आपण अळिवाचं बी खातो, ते लोक माक्याचा कंद खातात.

कंद दिसायला छोट्या शलगमासारखा, मुठीत दोन-तीन मावतील एवढा. पानं जमिनीला चिकटून पसरतात, कारण वर डोकं काढलं तर वारा आणि दहिवर जगू देत नाहीत. मध्य पेरूतल्या जुनिन सरोवराच्या भोवतीचं पठार हे याचं मूळ घर, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. अडीच कळसूबाई एकावर एक रचा, म्हणजे तिथे पोचाल. तिथे दिवसा कातडी सोलणारं ऊन आणि रात्री पाणी गोठवणारी थंडी. बटाट्याच्या काही कडवट जाती सोडल्या तर त्या उंचीवर फारसं काही येत नाही. माका येतो.

तिथले लोक तो कसा खातात? औषध म्हणून?

जेवण म्हणून. आपल्याकडच्या जाहिराती वाचून हे कळतच नाही. काढणीनंतर कंद कित्येक आठवडे उघड्यावर वाळवतात. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा आलटून पालटून बसतो आणि ज्या 'माकामाइड' नावाच्या द्रव्यांचा एवढा बोलबाला आहे, ती बरीचशी या वाळवणीतच तयार होतात. वाळलेला कंद खड्यासारखा टणक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मग तो भिजवून, उकडून खातात, दुधात शिजवून लापशी करतात, घुसळून पेय करतात. ताजे कंद काढणीच्या दिवसांत मातीच्या ढेकळांच्या भट्टीत भाजतात; आपल्या हुरड्याच्या आगटीची आठवण यावी असा प्रकार. राजधानी लिमाच्या रस्त्यांवर सकाळी हातगाडीवर माक्याचं गरम पेय मिळतं, जसं आपल्याकडे चहा-पोहे.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे कच्चा माका सहसा खात नाहीत, उकडून किंवा भाजूनच खातात. आणि ते खातात ती मात्रा कॅप्सूलची नाही, ताटातली आहे. दिवसाला २० ग्रॅम आणि त्याहूनही जास्त.

पेरूच्या जुन्या इंका साम्राज्याचे सैनिक लढाईआधी माका खायचे, हे खरं का?

गोष्ट झकास आहे. डब्याच्या पाठीवर ती हमखास छापलेली असते. पण तिला जुन्या लिखाणाचा आधार दिसत नाही. आधार मिळतो तो बेर्नाबे कोबो या स्पॅनिश पाद्र्याच्या १६५३ च्या नोंदींत. दुसरं कुठलंच पीक येत नाही अशा थंड, ओसाड जागी माका येतो आणि तोच तिथल्या लोकांचं अन्न आहे, असं तो लिहितो. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या जनावरांना त्या उंचीवर वीण धरत नव्हती, तेव्हा स्थानिकांनी त्यांना माका चारायला सांगितला, ही परंपराही तिकडची. म्हणजे माक्याची मूळ ख्याती प्रजननाची होती, गुराढोरांच्याही. पलंगावरच्या पराक्रमाची झालर नंतर लागली.

मुद्द्याचं बोला. इच्छा वाढते का?

थोडी वाढत असावी. 'थोडी' आणि 'असावी' हे दोन्ही शब्द मी मोजून वापरतोय.

सगळ्यात जास्त काम लिमाच्या कायेतानो एरेदिया विद्यापीठातल्या गुस्ताव्हो गोन्सालेस यांनी केलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २१ ते ५६ वयाच्या निरोगी पुरुषांना १२ आठवडे रोज १,५०० किंवा ३,००० मिलिग्रॅम माका दिला आणि काहींना माक्यासारख्याच दिसणाऱ्या, आत माका नसलेल्या पोकळ गोळ्या. कोण काय घेतंय हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि देणाऱ्यालाही. आठव्या आठवड्यापासून माका घेणाऱ्यांनी इच्छा वाढल्याचं सांगितलं. पोकळ गोळ्यांच्या गटापेक्षा हा फरक जास्त होता.

यात आठ आठवडे हा शब्द अधोरेखित करा. "काल घेतली, आज फरक" असं माका करत नाही. आणि 'सांगितलं' हाही. इच्छा मोजायला थर्मामीटर नसतो. माणसाने स्वतःच सांगायचं असतं. म्हणून पोकळ गोळीशी तुलना लागते, कारण या विषयात नुसत्या विश्वासानेही माणूस बराच फुलतो. महागडा डबा, त्यावरचा घोडा, बायकोपासून लपवून घेतलेला पहिला चमचा, या सगळ्याचा मिळून परिणाम होतोच. मी त्याला हसत नाही.

२०१० साली तोवरचे सगळे चांगले प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. ते निघाले अवघे चार, तेही छोटे-छोटे. निष्कर्ष असा की दिशा बरी दिसते, पण पुरावा तोकडा आहे. त्यानंतर आणखी काही अभ्यास झाले, तरी या वाक्यात फार मोठी दुरुस्ती करावी असं मला वाटत नाही.

म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढतं तर!

नाही. हीच तर गंमत आहे. त्याच अभ्यासात रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, मोजलं होतं, आणि ते दोन्ही गटांत सारखंच राहिलं. इतर हार्मोन पाहिले, तिथेही हेच. इच्छा वाढली असेल तर ती दुसऱ्या कुठल्या वाटेने. 'नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन बूस्टर' असं ज्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय आणि आत फक्त माका आहे, तो डबा छापणाऱ्याने एक तर अभ्यास वाचलेला नाही, किंवा वाचून गप्प बसलाय.

एक आगाऊ सूचना: माका चालू असताना टेस्टोस्टेरॉनची तपासणी करणार असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. माका घेणाऱ्या एका तरुणीच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉनचा आकडा भलताच चढलेला आला होता, आणि तो तपासणीच्या पद्धतीत माक्याने लुडबुड केल्यामुळे आला असं निष्पन्न झालं. २०११ साली वैद्यकीय नियतकालिकात ही केस आली आहे.

इच्छा आहे, पण ताठरता टिकत नाही. माका चालेल?

इथे मी गिऱ्हाइकाला खुर्ची देतो, कारण हा प्रश्न माक्याचा नसतो.

आधी माक्याचा हिशेब. २००९ साली इटलीत सौम्य तक्रार असलेल्या ५० पुरुषांवर प्रयोग झाला: रोज २,४०० मिलिग्रॅम, १२ आठवडे. ताठरतेची प्रश्नावली असते, ५ ते २५ गुणांची. माका घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.६ ने वाढले, पोकळ गोळीवाल्यांचे ०.५ ने. फरक आहे, पण एका गुणाच्या आसपासचा. कागदावर मोजता येतो, बायकोच्या लक्षात येईलच असं नाही.

आता खरा मुद्दा. लिंगाला रक्त नेणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या. हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी आणि साखरेने रक्तवाहिन्या खराब व्हायला लागल्या की बारीक नळी आधी कुरकुरते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाची ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन-चार वर्षं आधीची सूचना असते. मधुमेहाचंही तेच. सहा महिने वेगवेगळे डबे नेणारे एक गृहस्थ होते. एकदा मी सहज विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" म्हणाले, "चार-पाच वेळा, पण ते वयामुळे." वय ४६. साखर तपासली तर जेवणाआधीचीच २४० च्या वर. त्यांना माक्याची गरज नव्हती.

तेव्हा डब्यावर पैसे घालण्याआधी उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन, एवढं करून घ्या. टेस्टोस्टेरॉन दुपारी मोजलं तर कमी दिसू शकतं, म्हणून वेळ सांगतोय. सकाळी जाग येताना ताठरता असते आणि प्रसंगीच दगा देते, असं असेल तर कारण बहुधा डोक्यात आहे, नळीत नाही. त्यालाही उपाय आहेत, आणि तेही माका नव्हेत.

लवकर आटोपतं. त्यावर?

त्यावर माक्याचा पुरावा नाही. शीघ्रपतनाला डॉक्टरकडे साधे आणि खात्रीचे उपचार आहेत. त्यासाठी रेल्वे स्टेशनच्या भिंतीवरचा मोबाइल नंबर लागत नाही.

नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हापासून इच्छाच मेलीय.

ही तक्रार खरी आहे आणि सर्वसामान्य आहे. बोस्टनमध्ये २००८ साली अशाच २० रुग्णांवर माका वापरून पाहिला. रोज ३ ग्रॅम घेणाऱ्यांना फायदा झाला, दीड ग्रॅमवाल्यांना फारसा नाही. पण त्यात बहुतेक स्त्रिया होत्या आणि माणसं फारच कमी. त्यामुळे त्यावर विसंबून गोळी बंद करू नका. गोळी बदलणं, मात्रा कमी करणं हे डॉक्टरच्या हातात असतं, पण सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं? रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांचंही असंच. मनाने बंद केलेल्या बीपीच्या गोळीचे परिणाम मी दोनदा पाहिलेत. एकाचं तोंड वाकडं झालं.

पोलीस भरतीची तयारी करतोय. १,६०० मीटरला दम लागतो. माका घेतला तर स्टॅमिना वाढेल?

बाळा, नाही. आठ सरावलेल्या सायकलपटूंवर एक प्रयोग झालाय. १४ दिवस माका, मग ४० किलोमीटरची शर्यत. त्यांची वेळ आधीपेक्षा सुधारली, पण पोकळ गोळी घेतलेल्या फेरीशी तुलना केली तेव्हा सांगण्याजोगा फरक उरला नाही. मजा अशी की त्याच प्रयोगात त्यांची कामेच्छा मात्र पोकळ गोळीच्या तुलनेतही वाढलेली आढळली. भरतीच्या मैदानावर तिचा उपयोग काय!

दम लागत असेल तर हिमोग्लोबिन तपास, तंबाखूची पुडी खिशात असेल तर टाक आणि आठवड्यात एक दिवस तुकड्या-तुकड्यांनी वेगात पळ. शेंगदाणे, गूळ, अंडी, डाळ यांना मिळणारे पैसे डब्यावर घालवू नकोस.

दोन वर्षं मूल नाही. शुक्राणू कमी आहेत. घेऊ का?

२००१ साली लिमात नऊ पुरुषांना चार महिने माका दिला, तेव्हा वीर्याचं प्रमाण, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल वाढलेली दिसली. पण नऊच माणसं, आणि तुलनेला पोकळ गोळीचा गट नाही. पुढच्या छोट्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. घेऊन पाहायचं असेल तर डॉक्टरांना सांगून तीन महिने घ्या, कारण शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ७४ दिवस लागतात; पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करून उपयोग नाही. मात्र वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या आहेत का, हे आधी तपासून घ्या. मांडीवर लॅपटॉप आणि दिवसभर घट्ट जीन्स, हेही आधी सोडा. आणि तपासणी दोघांचीही व्हायला हवी. सगळी औषधं एकट्या सुनेच्या गळ्यात घालणारी घरं मी अजून पाहतो.

काळा, लाल की पिवळा?

शेतात एकाच वाफ्यात सगळे रंग निघतात, पिवळा सगळ्यात जास्त. काळ्याने उंदरांचे शुक्राणू वाढले, लाल माक्याने उंदरांची वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी लहान झाली, असे प्रयोग आहेत. उंदरांवरचे. त्या जोरावर काळ्याला दुप्पट भाव लावतात. माणसांवरच्या अभ्यासांवरून असं रंगाचं दुकान मांडता येत नाही.

किती घ्यायचा आणि कसा?

अभ्यासांत दीड ते तीन ग्रॅम रोज दिलाय, दोन-तीन वेळा विभागून, साधारण १२ आठवडे. पावडरीचा सपाट चहाचा चमचा म्हणजे जवळपास तीन ग्रॅम. कॅप्सूल घेत असाल तर गणित करा: ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून एकदा म्हणजे अभ्यासातल्या मोठ्या मात्रेचा सहावा हिस्सा. ६० कॅप्सूलची बाटली 'दोन महिने पुरते' असं छापतात ती अशी. 'दहा पट अर्क' असं लिहिलं असेल तर गणित आणखी बिघडतं, कारण तो कशाचा दहा पट हे बहुतेक डबे सांगत नाहीत.

मी एकदा डबा फोडून चव घेतली. वास भाजलेल्या सातूच्या पिठासारखा, किंचित जळक्या साखरेचा. चव आधी गोडसर आणि मग घशाशी मुळ्याचा ठसका. दुधात चांगलं लागतं, नाचणीच्या सत्त्वात त्याहून चांगलं. चहात घालू नका, चहाही जातो आणि माकाही.

झोप लागत नसेल तर रात्री घेऊ नका.

'जिलेटिनाइज्ड' लिहिलंय. आम्ही माळकरी. चालेल?

पावडर चालेल. या शब्दाचा जिलेटिनशी संबंध नाही. माक्यातला स्टार्च वाफेने-दाबाने शिजवून पचायला हलका केलाय, एवढाच अर्थ. तिथले लोक उकडून खातात, त्याचीच ही कारखान्यातली आवृत्ती, आणि कच्च्या पावडरीपेक्षा मी हीच सुचवतो. गोम कॅप्सूलमध्ये आहे. तिचं कवच खऱ्या जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असू शकतं. हिरवी खूण पाहून घ्या.

साइड इफेक्ट? कुणी घेऊ नये?

बहुतेकांना काही होत नाही. काहींना पोटात गॅस, गुडगुड, डोकं दुखणं, झोप उडणं. कच्च्या पावडरीने पोटाच्या तक्रारी जास्त होतात.

थायरॉइडचा त्रास असेल तर विचारून घ्या. कोबी-मोहरीच्या कुळातली ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं माक्यातही आहेत, आणि ती थायरॉइडच्या कामात आडवी येऊ शकतात, विशेषतः आयोडीन कमी असेल तर. प्रोस्टेट किंवा इतर हार्मोनशी निगडित कर्करोग असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही टाळावं. त्यांच्यावर पुरेसा अभ्यास नाही. अठराच्या आतल्या मुलांना तर गरजच नाही.

मित्राने दिलेली माक्याची कॅप्सूल घेतली, तासाभरात जबरदस्त परिणाम. तुम्ही म्हणता आठ आठवडे?

मग त्यात माका नव्हता, किंवा माक्याबरोबर दुसरं काहीतरी होतं.

हा प्रश्न वाचून बाकी काहीही विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. 'शंभर टक्के हर्बल' लिहिलेल्या लैंगिक शक्तीच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा त्याच्या भावंडांची गुपचूप भेसळ करणं हा जगभरचा धंदा आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००७ ते २०१६ या काळात भेसळ पकडलेल्या ७७६ सप्लिमेंटपैकी ३५३ याच प्रकारच्या होत्या. सिल्डेनाफिल हे वाईट औषध नाही. डॉक्टरने तपासून, मात्रा ठरवून दिलं तर लाखो लोकांना उपयोगी पडतं. पण न सांगता पोटात गेलं तर जीव घेऊ शकतं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्याकडे कित्येकांच्या खिशात असते. तिच्या जोडीला सिल्डेनाफिल गेलं की रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठतच नाही. आणि दवाखान्यात घरचे सांगणार काय? "काही नाही डॉक्टर, हर्बल घेत होते."

तासाभरात परिणाम, चेहरा तापणं, नाक चोंदणं, डोकं ठणकणं, निळसर दिसणं: यातलं काही झालं तर उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाका. छातीत दुखलं तर दवाखान्यात सगळ्यात आधी हे सांगा. तिथे लाजू नका.

मग चांगला डबा ओळखायचा कसा?

एफएसएसएआय या आपल्या अन्न-नियामक संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक हवा. घटकांच्या यादीत माका किती मिलिग्रॅम हे स्पष्ट हवं. 'खास मिश्रण ८०० मिलिग्रॅम' आणि खाली अकरा वनस्पती, असं असेल तर माका किती हे देवालाच ठाऊक. उत्पादनाची तारीख, बॅच नंबर, उगम देश, स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागितल्यावर मिळतो का, तेही पाहा. आणि 'लैंगिक शक्ती वाढवा, खात्रीशीर' अशी जाहिरात करणाऱ्याकडून घेऊच नका. औषधाने लैंगिक क्षमता वाढते अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्याने बंदी आहे. जो दर्शनी भागावरच कायदा मोडतो, तो डब्याच्या आत काय करत असेल?

अश्वगंधा चांगली की माका?

दोन्ही वेगळ्या. 'पेरूचं जिनसेंग' म्हणून माका विकतात. त्याचा जिनसेंगशीही संबंध नाही, आणि आयुर्वेदाशीही नाही. आयुर्वेदात वाजीकरण, म्हणजे लैंगिक शक्तीचे उपचार, हे आठ अंगांपैकी एक पूर्ण अंग आहे. अश्वगंधा, गोखरू, खाजकुहिलीचं बी, सफेद मुसळी ही मंडळी त्यातली. डब्यावर 'आयुर्वेदिक माका' लिहिलं असेल तर ते 'कोल्हापुरी पिझ्झा' म्हणण्यासारखं आहे. एका वेळी एकच काहीतरी घ्या. तीन डबे एकदम सुरू केलेत तर गुण कशाने आला आणि जुलाब कशाने लागले, दोन्ही कळणार नाही.

लघवीतून धातू जातो. अशक्तपणा आलाय. माक्याने भरून निघेल?

काहीही 'गेलेलं' नाही, त्यामुळे भरून काढायचं काही नाही. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे लहानपणी कुणीतरी कानात घातलेलं असतं आणि ते जन्मभर छळतं. या भीतीला मानसोपचारात नाव आहे, धात सिंड्रोम, डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली ते रूढ केलं. अशक्तपणा खरा असतो, पण तो काळजीचा, झोप न झाल्याचा, कधी नैराश्याचा असतो. जळजळ किंवा पू असेल तर मात्र जंतुसंसर्ग तपासा.

आपल्याकडे लागवड केली तर? दीड एकर मोकळं आहे.

आता हा प्रश्न लाज न बाळगता, भर गर्दीत विचारला जातो!

महाबळेश्वरसुद्धा साधारण १,३५० मीटरवर आहे. माक्याला ४,००० मीटरची हवा लागते. आपल्या उन्हाळ्यात त्याचं काय होईल हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. चीनने युन्नान प्रांताच्या डोंगरात तो लावला. २०१४ च्या सुमारास चिनी व्यापारी थेट जुनिनच्या पठारावर पैसे घेऊन उतरले आणि भाव आकाशाला भिडले. तिथल्या शेतकऱ्यांनी दिसेल ती जमीन माक्याखाली आणली. मग चीनमधलं पीक बाजारात आलं आणि भाव आपटले. एमू, कडकनाथ, सफेद मुसळी यांची 'रोपं आम्ही देतो, माल आम्ही उचलतो' ही योजना आठवते ना? कुणी माक्याची तशी योजना घेऊन आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पेरूच्या लोकांना हा माका टिकवायला भांडावंही लागलंय. २००१ मध्ये न्यू जर्सीच्या एका कंपनीला माक्याच्या अर्काचं अमेरिकन पेटंट मिळालं. आपल्या पूर्वजांचं अन्न दुसऱ्याच्या नावावर कसं, म्हणून तिकडे बराच गदारोळ झाला. आपल्याला हे नवीन नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं, आणि गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पेरूने २००३ पासून प्रक्रिया न केलेला माका देशाबाहेर न्यायला मनाई केली. त्यामुळे 'थेट पेरूहून आलेले ताजे कंद' कुणी ऑनलाइन विकत असेल तर भुवई उंचावायला हरकत नाही.

तीन महिने झाले. खरा माका, बरोबर मात्रा, सगळं केलं. काहीच फरक नाही.

मग बंद करा. हळूहळू कमी करत जायचीही गरज नाही, एकदम थांबवलं तरी चालतं. उरलेली पावडर नाचणीच्या सत्त्वात घालून संपवा, अन्नच आहे ते. आणि वर सांगितलेल्या रक्ततपासण्या अजून केल्या नसतील, तर त्या उद्या सकाळी, काही न खाता.